खालच्या वाफ्यातली थंडी

"माळ्याला काढायचंय. तू फक्त चार ओळी लिहून दे," बिलोलीकर काका फोनवर म्हणाले.

सकाळचे साडेआठ वाजले होते. मी दुसऱ्याच एका साइटवर खड्ड्यांची मापं घेत होते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता.

"काय झालं काका?"

"खालचा वाफा गेला. सगळा. नागवेल काळी पडली, ते तुझं केळीसारख्या पानांचं काय ते..."

"हेलिकोनिया."

"तेच. भाजी शिजवल्यासारखं झालंय. मल्लेश दोन दिवस गावाला काय गेला, त्याच्या बायकोनं पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. असोसिएशनला लेखी लागतं. तू तज्ज्ञ आहेस. हलगर्जीपणामुळे झाडं मेली, एवढंच लिही."

मी बागांची कन्सल्टंट आहे. म्हणजे स्वतः कुदळ मारत नाही. जागा बघते, माती बघते, कुठे कोणतं झाड लावायचं त्याचा प्लॅन काढते, नर्सरीतून झाडं निवडून देते आणि पुढे वर्षभर महिन्यातून एकदा जाऊन येते. हैदराबादेत तेवीस वर्षं हेच करते आहे. बिलोलीकर काका माझ्या वडिलांचे मित्र. वडील सचिवालयात होते, काका हायकोर्टात वकिली करायचे. दोन वर्षांपूर्वी काकांनी शहराच्या ऐन मध्यातलं, आबिड्समधलं घर विकलं आणि शहराबाहेर, शंकरपल्लीच्या अलीकडे, प्लॉट पाडलेल्या एका लेआउटमध्ये अर्ध्या एकरात बंगला बांधला. बागेचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

लेआउटमधले माळी असोसिएशन नेमतं. प्रत्येक माळ्याला दोन-तीन प्लॉट आणि राहायला एक खोली. मल्लेशची खोली काकांच्या पंपहाउसला लागून होती. तो, त्याची बायको आणि इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, असलेली मुलगी असे तिघं तिथे राहत. माळ्याविरुद्ध लेखी तक्रार आली की असोसिएशन त्याला काढतं, खोलीही जाते आणि दुसऱ्या प्लॉटवर ठेवत नाहीत. मुलीची परीक्षा मार्चमध्ये होती. त्यामुळे काकांनी मागितलेल्या चार ओळी म्हणजे एका कुटुंबाचा बाडबिस्तरा गुंडाळणं होतं. हे मला त्या वेळी फोनवरही कळत होतं. तरी मी "बघते, उद्या येते" म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मनातून मल्लेशवरच चिडले होते.

दुसऱ्या दिवशी दहाला पोचले. काकांचा प्लॉट उताराचा आहे. वरच्या बाजूला घर, मग लॉन, मग दहा-बारा पायऱ्या उतरून खालचा वाफा, आणि त्यामागे आठ फुटी कंपाउंड वॉल. खालच्या वाफ्यात माझी सगळ्यांत देखणी झाडं होती. हेलिकोनिया, रंगीत क्रोटन, इक्झोरा, आणि जाळीवर चढवलेली काकूंची नागवेल. आबिड्सच्या घरी नळाजवळच्या भिंतीवर ती तीस वर्षं होती. घर सोडताना काकूंनी तिची कलमं ओल्या फडक्यात गुंडाळून गाडीत मांडीवर आणली होती आणि हा वाफा तयार होईपर्यंत कुंडीत जपली होती.

आता ती वेल जाळीवरून ओल्या चिंध्यांसारखी लोंबत होती.

मल्लेश पायऱ्यांशी उभा होता. पन्नाशीचा, बारीक, डोक्याला कानटोपी. काका वरच्या पायरीवर. काकांचा आवाज अजूनही कोर्टातला आहे.

"पूछो इसको, कितने दिन नै था."

"दो दिन, साब. भांजी का फंक्शन था. बोल के गया था."

"बोल के गया तो झाडां मर जाना क्या?"

"लक्ष्मी पानी डाली, साब. दोनों दिन डाली."

"बायकोची साक्ष," काका माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले. "कोर्टात याला काय किंमत असते ते मला विचार."

मी बॅगेतून खुरपी काढली. मेलेल्या झाडाकडे बघायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. आधी माती, मग मूळ, मग पान. हाच क्रम, कारण पान बघितलं की माणूस लगेच निष्कर्ष काढतो. चार इंच खणलं. माती ओलसर होती, मुठीत दाबली की गोळा व्हावा इतकी. एक क्रोटन मुळासकट उपटलं. मुळं पांढरी, कडक, जिवंत. पाण्यावाचून मेलेल्या झाडाची बारीक मुळं आधी सुकतात, तुटतात. जास्त पाण्याने मेलेल्याची कुजतात, वास येतो. इथे दोन्ही नव्हतं.

"आल्यावर त्याने पाणी घातलं असेल," काका म्हणाले.

"आलास तेव्हा झाडं अशीच होती का रे?" मी मल्लेशला विचारलं. तो आमचं मराठी समजतो, उत्तर मात्र दखनी हिंदीत देतो.

"हौ मॅडम. मैं आया तो कालीच थी."

मग पानं बघितली. पाणी कमी पडलं तर पान कडेने करपतं आणि कुरकुरीत होतं. ही पानं मधूनच काळी, मऊ, पाणी सुटल्यासारखी झाली होती. शिवाय वरची पानं गेली होती आणि त्यांच्या आडोशाची खालची बरीचशी हिरवी होती. उतरणीवर एक जुना आंबा आहे. त्याच्या घेराखाली लावलेल्या दोन इक्झोरांना काहीच झालेलं नव्हतं. पायऱ्या चढून वर गेले. लॉनच्या कडेला तेच क्रोटन, त्याच नर्सरीतले, त्याच दिवशी लावलेले. ठणठणीत. त्यांनाही तीच लक्ष्मी पाणी घालत होती.

मी वहीत हे सगळं लिहीत असताना मल्लेश जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "मैं पहलेच बोला था, मॅडम. नीचे ठंड बैठती. ये झाडां नै टिकते."

"कधी बोललास?"

"लगाने के पहले. आपकोच बोला."

मला काही आठवेना. काकांच्या कानावर तेवढं बरोबर गेलं.

"ऐकलंस? आता तुझ्यावर ढकलतोय."

मी वही मिटली. मल्लेश टोपी नीट करून पंपाकडे गेला.

व्हरांड्यात काकूंनी चहा दिला. मी बसल्या बसल्या शाल ओढून घेतली, तशी त्या हसल्या.

"आबिड्सवाली ग तू. आम्ही पण पहिल्या वर्षी अशाच कुडकुडलो. तिकडे एका चादरीवर हिवाळा जायचा. इथे मी दोन रजया घेते, आणि हे टोपी घालून झोपतात. सांगू नकोस हो कोणाला."

"सांगितलंस की तूच," काका म्हणाले.

मी चहा घेता घेता थांबले. माझी विंटर लिस्ट आठवली.

या लिस्टबद्दल सांगायला हवं. हैदराबादेत हिवाळा नसतो असं बाहेरचे लोक समजतात. असतो, पण झाडांपरत्वे असतो. डालिया, पिटुनिया, फ्लॉक्स, शेवंती यांच्यासाठी हे तीन महिने म्हणजे सण. ऑगस्ट ते ऑक्टोबरात रोपं धरली की जानेवारीत बाग भरून जाते. उलट समुद्राजवळच्या, दमट हवेत वाढलेल्या झाडांसाठी हेच दिवस परीक्षेचे. आपल्या शहरातली पुष्कळशी शोभेची झाडं आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळच्या नर्सऱ्यांमधून ट्रकने येतात. तिथे रात्री अंगावर पांघरूण लागत नाही. झाड मरायला बर्फच पडावा लागतो असं नाही. या मंडळींना पारा सात-आठच्या खाली गेला तरी पुरतो. पानाच्या आतल्या पेशी फुटतात आणि पान शिजवल्यासारखं दिसतं.

म्हणून कोणतं झाड इथला हिवाळा सोसतं, कोणतं कुरकुरतं आणि कोणतं मरतं याची यादी मी पहिल्या वर्षापासून ठेवते. आधी वहीत, आता कॉम्प्युटरवर. हिरवं, पिवळं, लाल. नागवेल हिरव्या रंगात होती, हेलिकोनियाही. ती यादी मी नव्या नर्सरीवाल्यांना दाखवते, कॉलेजच्या मुलांना देते. एकदा एका क्लायंटने ती फ्रेम करून मागितली होती.

पण ही यादी मी कुठे बसून केली? निम्मी आबिड्समागच्या गल्लीतल्या माझ्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत. उरलेली शहराच्या मध्यातल्या क्लायंटांच्या अंगणांत. तिथे दिवसभर तापलेल्या भिंती आणि रस्ते रात्रभर ऊब सोडत असतात. आमच्या गल्लीत स्वेटर निघतो तो फक्त नामपल्लीच्या नुमाइशला, म्हणजे जानेवारीतल्या प्रदर्शनाला, जाताना, आणि तोसुद्धा परतताना हातावर असतो. काकाही आबिड्सचे, मीही आबिड्सची. दोघांनाही वाटलं, शंकरपल्ली म्हणजे हैदराबादच. गाडीने तासाभराचा तर रस्ता.

"काका, मला असोसिएशनच्या मीटिंगपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले.

"मीटिंग पुढच्या रविवारी आहे. संक्रांतीच्या आत मला दुसरा माळी हवा."

"चालेल. पण तोपर्यंत त्याला काही बोलू नका."

"तो काय तुझा अशील आहे?"

"अजून नाही."

संध्याकाळी आबिड्समधल्या एका सायंटिफिक सामानाच्या दुकानातून पाच मिन-मॅक्स थर्मामीटर घेतले. यात चोवीस तासांतलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान नोंदलेलं राहतं. सकाळी जाऊन आकडा बघायचा आणि बटण दाबून नोंद पुन्हा नव्याने सुरू करायची. एक माझ्या बाल्कनीत टांगला. दुसऱ्या दिवशी जाऊन चार काकांकडे लावले: व्हरांड्यात, आंब्याखाली, खालच्या वाफ्यात गुडघ्याच्या उंचीवर, आणि कंपाउंड वॉलच्या पलीकडे मोकळ्या रानात.

रोज आकडे कोण घेणार हा प्रश्न होता. मल्लेशने घेतले असते तर काकांनी ते फेकून दिले असते. मी रोज तासभर गाडी चालवून येणं शक्य नव्हतं. काकू म्हणाल्या, "मी घेते. सकाळी सातला फिरायला उतरतेच. फोटो पाठवायचा ना तुला? नातवानं शिकवलंय मला."

पहिल्याच सकाळी चार फोटो आले आणि मागून एक व्हॉइस मेसेज.

"सुनंदा, तू सांगितलंस म्हणून आज लक्ष देऊन उतरले. अग, पायऱ्या उतरताना असं वाटतं की आपण पाण्यात उतरतोय. आधी पाय गार, मग गुडघे. खाली पोचेपर्यंत मानेपर्यंत आलं. बाई ग!"

थंडी खाली कशी बसते हे मी आजवर दहा मिनिटं बोर्डावर आकृती काढून समजावत असे. गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि अडेल तिथे साचते. काकूंनी ते अर्ध्या मिनिटात सांगितलं.

चार दिवसांचे आकडे माझ्याकडे जमले. माझ्या बाल्कनीत पारा चौदाच्या खाली आला नाही. काकांच्या व्हरांड्यात अकरा, कधी साडेदहा. आंब्याखाली नऊ. वॉलच्या पलीकडेही जवळपास नऊच. आणि खालच्या वाफ्यात साडेसहा, सात, साडेसहा, सहा. मल्लेश गावाला गेला त्या दोन रात्री तर शहरातच नेहमीपेक्षा जास्त गारठा होता. त्या रात्री खाली काय झालं असेल याचा अंदाज करायला तज्ज्ञ लागत नाही.

वॉलच्या दोन बाजूंना दोन-अडीच अंशांचा फरक होता. ती वॉल काकांनी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बांधून घेतली होती. आधी तिथे तारेचं कुंपण होतं. उतारावरून येणारी गार हवा तारांतून पुढच्या रानात निघून जायची. आता तिच्यापुढे आठ फुटी बांध उभा होता. वाफा म्हणजे गार हवेचा तलाव झाला होता, आणि त्या तलावाच्या तळाशी मी नागवेल लावली होती.

केस सुटली होती. रिपोर्टचा कच्चा मसुदाही झाला. कारण: स्थानिक तापमान आणि बांधकाम. कुणाचा दोष नाही. मल्लेश सुटत होता, मीही सुटत होते.

मग सवयीप्रमाणे जुनी साइट डायरी काढली, लागवडीची तारीख टाकायला. माझ्या साइट डायरीत प्रत्येक भेटीचं एक पान असतं. डावीकडे कोण काय म्हणालं, उजवीकडे त्यावर काय करायचं. ऑक्टोबरचं पान उघडलं. सहा नोंदी होत्या. पाचवी माझ्याच अक्षरात: "माळी म्हणतो, खाली थंडी बसते, वॉल झाल्यापासून जास्त. नाजूक झाडं नकोत." समोर उजवीकडे लिहिलं होतं: "लिस्ट चेक केली. ओके." आणि त्यावर टिक.

ऐकलं नाही असं झालं नव्हतं. मी ऐकलं होतं, शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं, आणि टिक करून संपवलं होतं. लिहून ठेवलं की त्या गोष्टीचं काम झालं असं मला वाटतं. ही माझी सवय आहे, आणि एरवी तिच्यावर माझा धंदा चालतो.

रिपोर्टला डायरीची गरज नव्हती. थर्मामीटर पुरेसे होते. त्याच लेआउटमधल्या चार प्लॉटवाल्यांनी माझ्याकडे कोटेशन मागितली होती. त्यांतला एक असोसिएशनचा सेक्रेटरीच होता. डायरी घरी राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. रविवारी सकाळी मी ती बॅगेत टाकली. दाखवायची असं ठरवलं होतं का? नाही. घरी ठेवायचं धाडस झालं नाही, इतकंच म्हणता येईल.

व्हरांड्यात काका, काकू, आणि पायरीवर मल्लेश. काकांनीच त्याला बोलावलं होतं. "आरोपी हजर पाहिजे," म्हणाले. मीटिंग अकराला होती.

मी आकड्यांचा कागद पुढे केला. काकांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"हे आकडे कोणी घेतले?"

"मी," काकू म्हणाल्या.

"म्हणजे साक्षीदार माझ्या घरातलाच फोडलास!"

"फोडायचं काय त्यात? थंडी होती ती होती. तुम्ही आठपर्यंत रजईत असता, तुम्हाला काय कळणार?"

काकांनी कागद खाली ठेवला. "बरं, थंडीनं मेली. मान्य. वॉलमुळे थंडी वाढली. म्हणजे आरोपी नंबर दोन मी. तेही मान्य, वादापुरतं. पण हा माणूस इथे रात्रंदिवस राहतो. वॉलच्या आधीपासून आहे. थंडी बसते हे याला माहीत असणार. माहीत असून गप्प बसला, तर तो हलगर्जीपणाच झाला. की नाही?"

"मैं बोला था, साब," मल्लेश म्हणाला.

"किसको?"

मल्लेशने माझ्याकडे बघितलं नाही. बुटांकडे बघत म्हणाला, "बोला था."

"बघ. नाव घेता येत नाही. पुरावा नाही, तारीख नाही. प्रत्येक आरोपी हेच म्हणतो, मी आधीच सांगितलं होतं. कागद आहे का काही?"

मी बॅग पुढे ओढली. डायरी काढली, पान उघडलं, आणि काकांच्या मांडीवर ठेवली.

"कागद आहे, काका. तारीखही आहे. पाचवी ओळ."

काकांनी वाचलं. एकदा, मग परत एकदा. उजवीकडची टिकही बघितली. काकूंनी मान पुढे करून वाचलं.

"अग बाई," काकू म्हणाल्या. "त्यानं सांगितलं होतं."

"हो. मला सांगितलं होतं. मी माझ्या यादीत बघितलं आणि सोडून दिलं. यादी शहरातली होती. इथली थंडी त्यात नव्हती. चूक माझी आहे. लेखी देणार आहे, पण त्यात हे असेल."

काकांनी डायरी मिटली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

"पन्नास वर्षं कोर्टात गेली माझी," ते म्हणाले. "स्वतःविरुद्धचा कागद स्वतः आणून देणारे लोक फार बघितले नाहीत. आणि बघितले, त्यांना मी मूर्ख म्हणायचो."

"आता?"

"आताही म्हणतो." मग मल्लेशकडे वळले. "ऐ, चाय पिया?"

"नै, साब."

"लक्ष्मी को बोलो, सबके वास्ते बनाती. अद्रक डाल के."

काकांची माफी एवढीच. मल्लेश उठून गेला.

अकराच्या मीटिंगला मी गेले. चारऐवजी नऊ ओळी झाल्या होत्या. झाडांची निवड चुकली, ती मी केली, माळ्याने आधी सूचना दिली होती, त्याच्या कामात दोष नाही. सेक्रेटरीने वाचून घडी घातली आणि "बरं" म्हणाला. त्याचं कोटेशन पुढे सरकलं नाही. आणखी दोघांनी फोन उचलणं बंद केलं. चौथ्या प्लॉटच्या बाई मात्र आल्या. म्हणाल्या, "आमच्या डिझायनरनं आजवर एकही चूक कबूल केली नाही, आणि आमचं काहीच जगलेलं नाही." त्यांचं काम अजून चालू आहे.

काकांकडे दुरुस्ती केली. वॉलच्या पायाशी तीन ठिकाणी विटा काढून लोखंडी जाळ्या बसवल्या, गार हवेला निघून जायला वाट म्हणून. नव्या नागवेलीला स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीशी जागा दिली. ती भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब देते. वेल चढते आहे, पण आबिड्ससारखी नाही. काकू तिची पानं अजून विड्याला घेत नाहीत, "पाहुणी आहे ती," म्हणतात. हेलिकोनिया पुन्हा लावल्या नाहीत. त्यांची हौस असेल तर शहरात कुंडीत ठेवावी.

खालच्या वाफ्यात काय लावायचं हे मी मल्लेशला विचारलं. या वेळी डायरी बॅगेतच ठेवली. तो पटापट सांगत गेला. कण्हेर, डाळिंब, गुलाब, वॉलवर मधुमालती, हिवाळ्यात शेवंती. मोगरा चालेल, थंडीत तो झोपतो आणि उन्हाळ्यात उठतो. आणि एका कडेला हरभरा, कारण त्याला अशीच थंडी लागते. मी माझ्या ज्ञानाने यात एकच भर घातली: शेवंतीची रोपं ऑगस्टमध्येच धरायला हवीत. तो म्हणाला, "मालूम है, मॅडम."

निघताना मी त्याला म्हणाले, "मल्लेश, तू सांगितलं होतंस. मी लिहूनही घेतलं होतं."

तो झारीचं तोंड साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "लिखे थे तो पढना था, मॅडम."



त्याची मुलगी मार्चमध्ये परीक्षेला त्याच खोलीतून गेली.

आता कामाची गोष्ट. तुमच्या बागेसाठी कुणी झाडांची यादी दिली, माझी असली तरी, तर ती कोणत्या गल्लीत, कोणत्या मजल्यावर तयार झाली ते आधी विचारा. शहराचं तापमान बातम्यांत सांगतात, पण तुमच्या अंगणाच्या खालच्या कोपऱ्याचं कुणी सांगत नाही. एक मिन-मॅक्स थर्मामीटर घ्या आणि एक पूर्ण हिवाळा तिथे टांगून ठेवा. झाडं पुढच्या वर्षी लावा. इतका धीर नसेल, तर पहाटे पाच वाजता त्या जागेवर कोण असतं ते शोधा. वॉचमन, माळी, दूधवाला, कुणीही. नव्या साइटवर माझी पहिली भेट आता मालकाच्या आधी त्या माणसाशी असते. क्लायंटना ते आवडत नाही. मी त्यांना सांगते, तुमच्याशी नंतर बोलते, तुम्ही त्या वेळी झोपलेले असता.